एकही अक्षर नसलेला बोर्ड

मंगळवारी सकाळी पावणेसहाला चिमणाबाईंच्या दारात दोन माणसं झेंडूचा हार घेऊन आली. चिमणाबाई त्या वेळी गोठ्यात म्हशीची कास धूत होत्या.

"कुणाला रं हार?" त्यांनी आतूनच विचारलं.

दोघांतल्या थोरल्यानं हार पाठीमागं लपवला. "आक्का, हाईसा व्हय तुम्ही?"

"न्हाय तर धार कोण काढणार? तुझा आज्जा?"

सौंदर्या आलासेला हे सव्वासातला कळलं. ती महापालिकेच्या एका प्राथमिक शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवायची. शनिवारचे दोन तास, चौथीचा वर्ग, चौतीस मुलं. फोन हेडसरांचा होता. आकाराम सर एरवी फोनवर आधी पाऊसपाण्याचं बोलत. आज त्यांनी तेवढाही वेळ घेतला नाही.

"बाई, काल तुम्ही गेटवर बोर्ड लावला. रात्रीत गल्लीनं चिमणाबाईंना पोचवलं. ग्रुपवर एकशे बारा जणांनी हात जोडलेत. त्यांची बहीण हुपरीहून पहिल्या गाडीनं रडत निघाली आहे."

सौंदर्यानं गॅस बंद केला. "सर, बोर्डावर तसं काहीच लिहिलेलं नाही."

"तेच तर. काहीच लिहिलेलं नाही. मग लोकांनी बघितलं आणि समजून घेतलं."

फोन ठेवल्यावर तिनं ग्रुपवरचा फोटो मागवून बघितला. रस्त्यापलीकडून, संध्याकाळच्या उजेडात काढलेला. मधोमध म्हातारीचा मोठा काळा-पांढरा चेहरा, डोक्यावर पदर, नजर किंचित खाली. भोवती केशरी आणि पिवळ्या फुग्यांची दाट गोल माळ. तिनं फोन हातभर लांब धरला. लांबून ते फुगे नव्हते. झेंडू होता. अशा चौकटीत या गावात कुणाला बसवतात हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिला, कारण तीन आठवडे ती त्या चेहऱ्याच्या हातभर अंतरावर बसून होती.

गोष्ट सुरू झाली होती ती एका वाढदिवसापासून. शाळेच्या रस्त्यावर एका होऊ घातलेल्या नगरसेवकाच्या वाढदिवसाची कमान लागली होती, सगळी केशरी-पिवळ्या फुग्यांची. तिसऱ्या दिवशी मंडळाची पोरं ती उतरवायला लागली. चौथीच्या मुलांनी न फुटलेले फुगे मागून घेतले, त्यांच्यासोबत न फुगवलेली दोन पाकिटंही आली. वर्गात ते सगळं बघून सौंदर्यानं त्या दिवशी शिकवायचं कमळाचं चित्र बाजूला ठेवलं.

तिनं सांगितलं, न फुगवलेल्या फुग्यावर पेनानं एक चेहरा काढा. मग फुगवा. गाल पसरले, नाक आडवं झालं, मधे काढलेलं भलतंच मोठं झालं आणि तोंडाजवळ, गाठीपाशी काढलेलं होतं तेवढंच राहिलं. मोनानं आपला फुगा उंच धरला. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आवाज मात्र वर्गात सगळ्यांत मोठा.

"बाई, ह्यो तर पुढारी झाला!"

वर्ग हसला. सौंदर्यानं विचारलं, "का गं पुढारी? मिशी तर नाही काढलीस."

"मधी हाय न्हवं. मधला फुगतोय. कडंचं बारकंच ऱ्हातंय."

त्या वाक्यावर सौंदर्यानं पुढचे सहा शनिवार उभे केले. घर ते शाळा वाटेवर किती बोर्ड आहेत ते मोजून या. मधे कोण, कडेला कोण, कोण कुठं बघतंय, कुणाच्या कानाला फोन आहे, ते लिहून आणा. राजवीरनं एकाच बोर्डावर एकेचाळीस चेहरे मोजले, त्यांतल्या नऊ जणांच्या कानाला फोन होता. मोनाच्या वाटेवर अकरा बोर्ड होते. त्यांवर बायका दोनच, आणि त्यांतली एक अंबाबाई.

मग मुलांनी ठरवलं, आपण एक बोर्ड करायचा. मधे कोण, यावर चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. चिमणाबाईंना तेवीस मतं पडली. शाळेपासून शंभर पावलांवरच्या दूध कट्ट्यावर त्या रोज सकाळ-संध्याकाळ म्हैस आणून बांधत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर चरवीत धार काढून देत. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ते दूध जात होतं. राजवीरनं कारण दिलं होतं, "ती चरवी बघून वळखती कुणाच्या घरचं हाय ते. तोंड बघतच न्हाय."

मोठा फुगा फुगवून त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्या, पाच थर. वाळल्यावर आतला फुगा फोडला. उरलेल्या पोकळ डोक्याला नाक आलं, हनुवटी आली. सुरकुत्यांसाठी मोनानं बाजारभावाच्या रकान्यातली बारीक अक्षरं कापून डोळ्यांच्या कडेला बसवली. ती इतकी जमली की रंग लावायचा नाही असं तिनं वर्गाला दम देऊन सांगितलं. कडेला लावायला कमानीच्या पाकिटांतले केशरी-पिवळे फुगेच उरले होते.

एक नियम मात्र सौंदर्याचा स्वतःचा होता. बोर्डावर अक्षर एकही लिहायचं नाही, नावसुद्धा नाही. बघणाऱ्याला बघून कळलं पाहिजे. हा नियम तिनं तीनदा बजावला होता.

आणि बघणाऱ्याला बघून कळलं होतं.

दहा वाजून दहा मिनिटांनी ती शाळेत पोचली तेव्हा चिमणाबाई गेटवर उभ्या होत्या. साठीच्या, उंच, नऊवारीचा ओचा वर खोचलेला. मागं थोडी बघी मंडळी जमली होती.

"कुठाय ती चित्राची बाई?"

"मीच, आक्का."

"तू व्हय? एवढीश्शी?" त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला वाटलं कोणतर दांडगी आसंल. जित्या माणसाला मारायचं म्हंजे काय खायचं काम हाय?"

मागून एकजण म्हणाला, "आक्का, आयुष्य वाढतंय म्हणं आसं झालं की."

"तू गप. तुझं वाढवून घे. सकाळी कट्ट्यावर गेलतो तर एक चरवी आली न्हाय. निम्मी गल्ली घरात बसून माझ्या नावानं डोळं पुसतीया, आन् मी भरल्या कासंची म्हस घिऊन हुबी!"

सौंदर्यानं सबब सांगितली नाही. ती म्हणाली, "चूक माझी आहे. पोरांची नाही. त्यांना तुम्ही बोर्डावर मधे पाहिजे होता. कडेला काय लावलं तर काय दिसेल, हे बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही."

चिमणाबाईंनी असं सरळ उत्तर गृहीत धरलं नव्हतं. त्या बोर्डाकडं वळल्या.

"नाक माझं आसंच हाय व्हय?"

"पोरांनी तसंच बघितलंय."

"हं." त्यांनी नाकाला हात लावून बघितला. "उतरीव ते आता. आन् माझी भन तानाबाई हुपरीस्नं आलीया. सकाळपासनं ती माझ्याशी एक शब्द बोलंना. तिला तू येऊन सांग, तुझ्या तोंडानं."

बोर्ड उतरला. हेडसरांनी सौंदर्याला ऑफिसात बोलावलं. त्यांचा स्वर चढा नव्हता, आणि त्यामुळंच तिला ते जास्त लागलं.

"शुक्रवारी चार वाजता शाळा व्यवस्थापन समिती आहे. अध्यक्ष म्हणतात, शनिवारचे तुमचे दोन तास शिष्यवृत्तीच्या सरावाला द्यायचे. गेल्या वर्षी आपली दोनच मुलं यादीत आली. मी आजवर तुमची बाजू धरली. आता काय सांगू?"

"सर, मला शुक्रवारपर्यंत रोज एक तास द्या. पोरं तो बोर्ड दुरुस्त करतील. मग समितीनं तो बघावा आणि ठरवावं."

"म्हणजे परत लावायचा?"

"परत लावायचा."

आकाराम सरांनी टेबलावरचा पेपरवेट जरा सरकवला. "तुम्ही जयसिंगपूरची माणसं ऐकत नाही बघा कुणाचं. मधल्या सुट्टीनंतरचा तास घ्या. आणि चिमणाबाईंची हरकत नाही असं त्यांच्याकडून लेखी आणा. त्याशिवाय माझ्या गेटवर काही लागणार नाही."

संध्याकाळी ती चिमणाबाईंच्या घरी गेली. चेहरा जुन्या चादरीत गुंडाळून बरोबर घेतला होता. तानाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हुपरीत चाळीस वर्षं पैंजणांना घुंगरं जोडून त्यांची नजर अधू झाली होती. सौंदर्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं, फुगे, कमान, मतदान, नियम. तानाबाईंनी दोन्ही हात पुढं केले. म्हणाल्या, "तोंड दाव."

सौंदर्यानं चादर सोडली. तानाबाईंनी ते कागदाचं डोकं मांडीवर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, गालावरून बोटं फिरवली.

"ही तू न्हवं गं चिमणे. ही आई हाय."

चिमणाबाई चुलीपाशी होत्या. त्या उठून आल्या नाहीत. "आईचा फोटू कुटं हाय आपल्याकडं?"

"न्हाय म्हणूनच म्हंतो."

दोघी बहिणी सकाळपासून पहिल्यांदा एकमेकींशी बोलत होत्या. सौंदर्यानं हरकत नसल्याचा कागद पिशवीतून काढलाच नाही. ती वेळ नव्हती एवढं तिला कळलं. निघताना चिमणाबाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मी काय हो म्हटलेलं न्हाय. ध्यानात ठेव."

बुधवारी मधल्या सुट्टीनंतर तिनं तो चेहरा वर्गात टेबलावर उभा केला, माळेसकट. फळ्यावर काही लिहिलं नाही.

"ही बाई मेली असं लोकांना का वाटलं?"

"काळी-पांढरी हाय म्हणून," राजवीर.

"फुलांगत दिसतंय," दुसरं कुणीतरी.

"डोळं खाली हाईत."

"कानाला फोन न्हाय!"

हसू ओसरल्यावर मोना उठली. "बाई, एकटी हाय म्हणून. वाढदिसाच्या बोर्डावर कडंला माणसं असत्यात. मेलेलं एकटंच असतंय."

सौंदर्यानं ते खरं की खोटं सांगितलं नाही. ती म्हणाली, "बघू या तर. तिसरीच्या वर्गाला विचारू."

चेहरा होता तसा व्हरांड्यात नेला. तिसरीतली तीस मुलं एकेक करून समोरून गेली. हे काय आहे, एवढाच प्रश्न. तेवीस जणांनी "कोण वारलं?" असं उलट विचारलं. मग केशरी-पिवळे काढून निळे फुगे लावले. एकोणीस जण म्हणाले, "बारसं हाय काय?" सगळेच फुगे काढले तर अकरा जणांना वाटलं, शाळेच्या संस्थापक बाई. राजवीर वहीत रकाने पाडून सगळं लिहीत होता. एरवी त्याला शाईचा पेन धरवत नसे.

हे चाललेलं असताना पृथ्वीराज आले. समितीचे अध्यक्ष, चौथीतल्याच एका मुलीचे वडील. चौकात त्यांचं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान. गावात रोज जे चेहरे रस्त्यावर चढत, त्यांतले बरेच त्यांच्या मशीनमधून निघालेले.

"काय वो मॅडम, कुणाला मारतासा आज?"

मुलं दचकली. सौंदर्या म्हणाली, "या. तुम्हीच पाहिजे होता. पोरांना सांगा, तुमच्याकडं माणूस गेल्याचा बोर्ड कसा करतात?"

ते भांडायला आले होते, पण प्रश्न त्यांच्या धंद्याचा होता. "त्यात काय? फाइल तयार हाय. श्रद्धांजली एक, श्रद्धांजली दोन. फोटोचा रंग काढायचा, कडंनं झेंडू सोडायचा, खाली समई. चेहरा टाकला की झालं. पाच मिंटाचं काम." त्यांनी समोरच्या कागदी डोक्याकडं बघितलं. "हे तुम्ही केलंसा ते सरळ सरळ दोन नंबर."

"आणि वाढदिवसाचा?"

"त्यात माणसं भरायला लागत्यात. रिकामा बोर्ड चालत न्हाय." एवढं बोलून त्यांच्या लक्षात आलं की चौतीस मुलं कान देऊन ऐकताहेत. ते सौंदर्याला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा. मी चिमणाआक्काचा झकास रंगीत फोटो काढतो, मोठा बोर्ड छापतो, गेटवर लावतो. फुकट. तुमची चूक झाकली, आक्का खूष. बदल्यात शनिवार शिष्यवृत्तीला सोडा. परीक्षेत चित्र विचारत न्हाईत, मॅडम."

"बुद्धिमत्ता चाचणीत आकृत्या विचारतात."

"मग ते शिकवा की!"

"शिकवेन. पण त्यासाठी चित्रकला नाही शिकवत मी." तिनं आवाज खालीच ठेवला. "तुमच्या पोरीला विचारा, तुमच्या दुकानातल्या बोर्डावर मधे कोण असतं आणि का असतं. ती सांगेल. हे तिला सहा शनिवारांत आलंय. तुमचा बोर्ड नको आम्हाला, भाऊ. आमचा आम्ही करतो."

पृथ्वीराज बूट करकरवत जिना उतरले. खालून आवाज आला, "शुक्रवारी बघू."

गुरुवारी मुलांनी मोनाचं म्हणणं तपासायला घेतलं. एकटी नको, तर कोण पाहिजे? पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच, म्हैस. लांबट फुगे, त्यांवर कागद, शिंगांना वाकवलेली तार. ती तासाभरात उभी राहिली, जरा गाढवाकडं झुकणारी. मग चौतीस छोटे फुगे, प्रत्येकानं आपापलं डोकं केलेलं, आणि प्रत्येकाच्या समोर पत्र्याची नाहीतर पुठ्ठ्याची चरवी. ही सगळी रांग चिमणाबाईंच्या चेहऱ्याकडं बघणारी. रंग लावायचा का, यावर वर्गाची दोन शकलं झाली. मोना हलली नाही.

"तानाआज्जी म्हणाली ती त्यांची आई दिसतीया. आईला रंगवतंय काय कोण?"

हे तिला कुणी सांगितलं, सौंदर्यानं विचारलं नाही. गल्लीत सांगावं लागत नाही.

खाली बघणाऱ्या डोळ्यांचा प्रश्न उरला होता. राजवीरनं डोकं काढून जरा तिरकं बसवलं. खाली गेलेली नजर आता थेट म्हशीच्या कासेवर पडली. सौंदर्या दाराबाहेर गेली, गेटपर्यंत चालत गेली, रस्ता ओलांडला आणि पलीकडून बघितलं. या वेळी तिनं ते आठवणीनं केलं. मग परत येऊन तिसरीची मुलं बोलावली. सव्वीस जण म्हणाले, दूधवाली आक्का. चौघं म्हणाले, म्हशीचा वाढदिवस.

"चार ऱ्हायली," राजवीर हिरमुसला.

"राहू दे. लिहून ठेव," सौंदर्या म्हणाली.

शुक्रवारी चार वाजता समिती बसली. पंधरापैकी नऊ सदस्य हजर होते. बोर्ड हॉलमध्ये, भिंतीला टेकवून ठेवलेला. हरकत नसल्याचा कागद अजून कोराच होता. चिमणाबाई न बोलावता स्वतःच आल्या आणि खुर्ची असताना जमिनीवर बसल्या.

पृथ्वीराजनी ठराव मांडला. शनिवारच्या दोन तासिका शिष्यवृत्ती सरावाला द्याव्यात. भाषण छोटं होतं आणि आकडे खरे होते. सौंदर्याला पाच मिनिटं मिळाली. तिनं राजवीरची वही सदस्यांच्या हातात दिली आणि सोमवारपासून काय झालं ते वेळेसकट सांगितलं, स्वतःच्या चुकीपासून. एवढंच म्हणाली, "या मुलांना आता रस्ता वाचता येतो. निम्म्यावर सोडायचं असेल तर तुम्ही सोडा. मी नाही सोडणार."

एक सदस्य वही चाळत म्हणाले, "हे बारसं कुठनं आलं मधीच?" हॉलमध्ये हसू पसरलं. पृथ्वीराजही हसले, पण ठराव मागं घेतला नाही.

हेडसरांनी मुद्द्यावर आणलं. "चिमणाबाई, हा बोर्ड गेटवर लावायला तुमची हरकत आहे का? तुमचं म्हणणं झालं की मत घेऊ."

चिमणाबाई उठल्या. बोर्डापाशी गेल्या. म्हशीकडं बघितलं, मग रांगेतल्या एकेका डोक्याकडं. त्यांना वेळ लागत होता.

"ही चरवी कुणाची?" त्यांनी एका पुठ्ठ्यावर बोट ठेवलं.

दारातून ऐकणाऱ्या मोनानं सांगितलं, "माझी."

"तुमच्या चरवीचा कान मोडलाय. ह्येचा शाबूत हाय."

"करतो मोडका," मोना म्हणाली.

त्याच वेळी चिमणाबाईंचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं गेलं. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांनी पदर खोचला. "अगं बाई, धारंची येळ. म्हस ओरडत आसंल. येतो मी."

"आक्का, तेवढं हो की नाही सांगून जावा," पृथ्वीराज म्हणाले.

"घाईनं सांगायची गोष्ट हाय व्हय ती? माझ्या तोंडाचं हाय. धार काढून येतो म्हटलं न्हवं."

त्या गेल्या. बैठक तहकूब करायची की थांबायचं यावर दहा मिनिटं बोलणं झालं. थांबायचं ठरलं. चहा आला. दोन सदस्यांना गाडी गाठायची होती, ते चुळबुळत बसले. ते गेले तर कोरम मोडत होता. मोनानं हॉलच्या पायरीवर बसून पुठ्ठ्याच्या चरवीचा कान मोडला आणि खळीनं तिरका चिकटवला. सौंदर्यानं खिडकीपाशी खुर्ची घेतली. तिथून कट्टा दिसत होता.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी नऊही सदस्य जागेवर होते. ठरावावर मत पडलेलं नव्हतं. कट्ट्यावर चिमणाबाई म्हशीपाशी बसलेल्या होत्या आणि त्यांच्या समोर, बोर्डावरच्या डोक्यांसारखे, चरव्या घेऊन रांगेत अजून अकरा जण उभे होते.